हजार युरोंचा नारळ

नकोशा माणसाला कामावरून काढताना त्याच्या हातावर नारळ ठेवला, असे आपण म्हणतो. या बोलण्यात निदान ढोंग नाही. हा निरोप आहे, सत्कार नव्हे, हे देणाराही जाणतो आणि घेणाराही जाणतो. आश्रयासाठी आलेल्या आणि अर्ज फेटाळला गेलेल्या माणसांना युरोपातली सरकारे सध्या असाच नारळ देतात. परंतु त्याला नाव मात्र देतात ‘स्वेच्छेने मायदेशी परतणाऱ्यांस साहाय्य’! माझे भांडण नारळाशी नाही. ते या ‘स्वेच्छे’शी आहे.

ऐन दिवाळीत, फराळाचे ताट पुढ्यात असताना, हा परमुलखातला विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण तो तितकासा परमुलखातला राहिलेला नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरवण्यात आले. प्रवासभर त्यांच्या हातापायांत बेड्या होत्या. त्यांतले तिघे आपल्या महाराष्ट्रातले होते. ते सर्वच आश्रय मागणारे होते असे मी म्हणत नाही. पण तीन महिन्यांनी त्याच अमेरिकन सरकारने जाहीर केले की, जे आपणहून देश सोडतील त्यांना विमानाचे तिकीट आणि वर १००० डॉलर मिळतील. एका माणसाला पकडून, कोंडून, हाकलून द्यायला सरासरी १७,१२१ डॉलर खर्च येतो, हा हिशेबही सरकारनेच मांडला. म्हणजे काय, तर आधी बेड्यांचे चित्र साऱ्या जगाला दाखवायचे आणि मग पाकीट पुढे करायचे. असे पाकीट घेणारा स्वखुशीने निघाला म्हणायचे असेल, तर दरोडेखोराला दागिने काढून देणारी बाईही दानशूरच म्हटली पाहिजे!

जर्मनीचे पाहा. तेथे हा कारभार १९७९ पासून चालू आहे आणि जर्मन शिस्तीने चालू आहे. अर्ज फेटाळला गेला की देश सोडायला साधारणपणे तीस दिवसांची मुदत मिळते. अर्ज उघड उघड निराधार ठरवला गेला तर एकच आठवडा. त्यानंतर दाराशी पोलीस. त्यांची वाट न पाहता जो निघेल त्याला तिकीट, वाटखर्चाला २०० युरो आणि, त्याच्या देशासाठी ती मदत लागू असेल तर, पुन्हा उभे राहायला १००० युरो असा अलीकडचा दर. मुलामागे निम्मे, आणि कुटुंब कितीही मोठे असो, ही उभारणीची मदत ४००० च्या वर नाही. येथपर्यंत माझी तक्रार नाही. रिकाम्या हाताने हाकलण्यापेक्षा हे शतपटीने बरे.

परंतु फेब्रुवारी २०१७ मध्ये तेथे जी जोडयोजना निघाली, तिचा दर ऐका. अर्जाचा निकाल लागण्यापूर्वीच तो मागे घेऊन जाणाऱ्याला १२०० युरो. निकाल विरुद्ध गेल्यावर दाद न मागता मुदतीत जाणाऱ्याला ८००. म्हणजे न्यायाची वाट पाहिली म्हणून चारशे युरो कापले! ज्याची बाजू खरोखर भक्कम असेल त्यालाही, छावणीत महिनोन्‌महिने ताटकळत असताना, हा हिशेब रोज खुणावत असणार. सरकारने येथे प्रवासखर्च दिला नाही. माणसाचा दावा विकत घेतला आणि तोही कवडीमोलाने.

याहून सूक्ष्म प्रकार पुढेच आहे. एप्रिल २०२२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापुढे एका अफगाण माणसाचे प्रकरण आले. परत पाठवलेला माणूस तेथे अन्नान्न दशेला लागेल काय, हा मुद्दा. अंथरूण, भाकरी आणि साबण एवढे तरी त्याला मिळेल काय, अशी अशा खटल्यांतली कसोटीची भाषा आहे. न्यायालयाने सांगितले की, परतताना मिळणारी मदतही हिशेबात धरली पाहिजे; ती जितके अधिक दिवस पुरेल, तितका पुढच्या हलाखीचा संभव अधिक पक्का दिसला पाहिजे. पाहिलेत? जो पैसा दयेचा म्हणून दिला जातो, तोच न्यायालयात सरकारच्या बाजूचा साक्षीदार होऊन उभा राहतो! ऑगस्ट २०२४ मध्ये शिक्षा झालेल्या २८ अफगाणांना विमानाने काबूलला धाडले, तेव्हा प्रत्येकाच्या खिशात १००० युरो घातले होते. गुन्हेगारांना बक्षीस, म्हणून केवढा गहजब झाला! बक्षीस कसले? पाठवणी न्यायालयात अडकू नये म्हणून घातलेले ते वंगण होते.

आता दुसऱ्या बाजूकडून येणारा आक्षेप घेतो, कारण तो आपल्याकडच्या दिवाणखान्यांतही ऐकू येतो: खोटे बोलून घुसलेल्यांना पैसे का द्यावेत? अर्ज फेटाळला म्हणजे माणूस खोटारडा, हे गृहीतच चूक आहे. १९५१ चा निर्वासितविषयक करार पाच कारणे मानतो: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. त्यांत दुष्काळ नाही, सावकार नाही, बुडालेले शेत नाही. (आपल्या देशाने तर या करारावर सहीच केलेली नाही, तेव्हा आपण फार ऐटीत बोलू नये हे बरे.) माणूस शंभर टक्के खरे बोलतो, न्यायाधीशही त्यावर विश्वास ठेवतो आणि तरी अर्ज फेटाळला जातो, असे घडू शकते.

आणि परतायचे कोठे, याचा विचार कोणी केला आहे? मुंबईचा चाकरमानी गणपतीला कोकणात उतरतो, तेव्हा एस.टी.च्या टपावरून खाली येणाऱ्या बोजांवर साऱ्या आळीचे डोळे असतात. एका वर्षी गिरणीचा संप असला आणि हात रिकामे असले, तर रात्री अंधार पडल्यावर घरात शिरणारी माणसे आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिली आहेत. येथे तर जमीन विकून, बहिणीचे दागिने मोडून, दलालाला लाखो रुपये मोजून धाडलेला मुलगा परत येतो. तो दारात पाऊल टाकतो त्याच्या आधी सावकाराला बातमी लागलेली असते. हजार युरो म्हणजे आपले लाखभर रुपये. ते व्याजातच जातात. मुद्दल तसेच. मग तो पुन्हा दलालाच्या दारात उभा राहिला तर नवल काय?

म्हणून मी म्हणतो, पैसा जरूर द्या. थोडा नको, कर्जाचा फास सैल होईल इतका द्या. पण तो अखेरचा निकाल लागल्यावर द्या आणि दाद मागणाऱ्याला व न मागणाऱ्याला सारखाच द्या. जेथे जिवाला धोका आहे तेथे कोणत्याही रकमेच्या जोरावर पाठवू नका. जानेवारी २०१८ मध्ये इस्राएलने एरिट्रिया आणि सुदानच्या माणसांना सांगितले होते: ३५०० डॉलर घ्या आणि मार्चअखेर मायदेशी नाही तर तिसऱ्याच देशात चालते व्हा; नाही तर तुरुंग. ती भाषा अमानुष होती, आणि काही महिन्यांत ती योजना बारगळलीही. पण तिने तुरुंगाचे नाव तरी लपवले नव्हते. बर्लिनच्या कागदावर मात्र अजून ‘स्वेच्छेने’ असेच छापतात, आणि खाली एक अटही असते: हा मनुष्य पुन्हा जर्मनीत राहायला आला, तर त्याने घेतलेली रक्कम परत करावी.