होल्स्टरची झीज हाही पुरावाच
१९११ साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेल्या कोल्ट पिस्तुलावर ब्लूइंगचा निळसर-काळा थर असे. मुळात लोखंडाचेच ऑक्साइड, अत्यंत पातळ. चामड्याच्या होल्स्टरमधून वारंवार आत-बाहेर होताना नळीच्या तोंडाशी आणि स्लाइडच्या कडांवर तो झिजे. दुसऱ्या महायुद्धात त्याजागी फॉस्फेटचा करडा थर आला. तो टिकाऊ खरा, पण रूपाने रुक्षच!

आज काही संग्राहक अशा पिस्तुलांना नव्याने ब्लूइंग करवितात. हे जतन नव्हे. त्यासाठी पोलाद घासले जाते, तपासणीचे शिक्के पुसट होतात आणि सैनिकाच्या कमरेवरील वर्षांची खूणही जाते. खरा शत्रू झीज नसून गंज आहे. चामडे ओलावा धरते. म्हणून पिस्तूल होल्स्टरबाहेर ठेवावे, तेलाचा हलका हात फिरवावा आणि झिजलेल्या कडा तशाच राहू द्याव्यात.