बाबागाडी बसत नाही ती संस्कृतीत की रस्त्यावर?

१/ ‘बाबागाडी हे पाश्चात्त्यांचे खूळ, आपल्याकडे मूल आईच्या कडेवर वाढते,’ असे अभिमानाने सांगितले जाते. हा अभिमान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

२/ मुळात बाबागाडी सर्वसामान्य इंग्रज आईची नव्हतीच. १७३३ च्या सुमारास विल्यम केंटने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी गाडी घडवली, ती जनावराने ओढायची. पुढे गाडी ढकलणारे हात आले, तेही बहुधा दाईचे. गरिबाचे मूल तिकडेही कडेवरच होते.

३/ भारतात ती साहेबाच्या बंगल्यात आली. आत बसलेला ‘बाबा’ साहेबाचा. ढकलणारी ‘आया’, हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला. आयेच्या स्वतःच्या मुलाला गाडी कुठली? हा भेद संस्कृतीचा कमी, ऐपतीचा अधिक.

४/ चाक आणि मूल यांचे नाते मराठी घराला परके असते, तर पांगुळगाडा कुठून आला? त्या तीनचाकी लाकडी गाड्याला धरून कित्येक पिढ्या चालायला शिकल्या. शेतावरच्या आईने झाडाला झोळी बांधली, तीही हात मोकळे व्हावेत म्हणूनच.

५/ १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या अभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी, ॲल्युमिनियमची हलकी गाडी बनवली. त्याने पूर्वी स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केले होते. गाडी आता एका हाताने उचलता येऊ लागली. आयेची गरज संपली. उरला प्रश्न रस्त्याचा.

६/ तो प्रश्न लासूर स्टेशनसारख्या गावी नीट दिसतो. निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, मनमाडकडे जाणारा लोहमार्ग येथून गेला. गावाच्या नावातच स्टेशन आहे. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले. कांद्याच्या बाजारासाठी, मालासाठी, मोटारींसाठी वाटा झाल्या. अशा बाजारगावांत बाळाच्या चार इंची चाकासाठी सलग पदपथ किती ठिकाणी सापडतो?

७/ कडेवरची ऊब खरीच. तिला कोणी नाकारत नाही. परंतु एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दहा किलोचे मूल आणि समोर पुलाच्या पायऱ्या, ही आईची निवड नसते. पर्यायच नसतो.

८/ दिव्यांग हक्क कायदा, २०१६ रेल्वे स्थानकेही सुगम करण्यास सांगतो. व्हीलचेअरसाठी केलेला प्रत्येक उतार बाबागाडीलाही चालतो, आजीच्या काठीलाही. तो उतार मागण्याऐवजी आईच्या कंबरेचे गोडवे गाणे म्हणजे प्रशासनाचे काम तिच्या पाठीवर लादणे होय. संस्कृतीच्या नावाखाली ते खपवू नये.