लाल कंधारी बैल आणि वळूची निवड

आमच्या जिल्ह्यातील, विशेषतः गंगाखेड-पालमकडील शेतकरी बंधूंस लाल कंधारी बैलाची ओळख करून देण्याचे कारण नाही. गडद तांबडा एकसारखा रंग, डोळ्यांभोवती काळी कडा, लांब लोंबते कान व बेताचा आटोपशीर बांधा, ही त्याची लक्षणे होत. उंचीने तो खिल्लाराची बरोबरी करीत नाही. पण काळ्या चिकण जमिनीत वखर ओढण्यात व वैशाखाच्या उन्हात तग धरण्यात तो हार जात नाही. गायीचे दूध मात्र एका वेतास सरासरी 600 लिटरांच्या आसपास. तेव्हा ही जात कामाची, दुधाची नव्हे, हे स्पष्ट म्हटलेले बरे.

आमचे म्हणणे वळूविषयी आहे. उत्तम गोऱ्हा दिसला की आपण तो खच्ची करून औतास जुंपतो. आणि ज्यास बाजारात गिऱ्हाईक नाही असा खुरटा गोऱ्हा कळपात मोकळा राहून गायी फळवितो. ज्वारीच्या बियाण्यासाठी टपोरी कणसे राखणारा शेतकरी गुरांच्या बाबतीत नेमके उलट करतो, हे नवल नव्हे काय?

इंग्लंडातील सफोक परगण्यात असाच एक तांबडा, अवजड घोडा चिकण जमिनीची नांगरट करी. त्या जातीचे आजचे सारे घोडे 1768 साली जन्मलेल्या एकाच वळूपासून पितृवंशाने आलेले आहेत. पुढे ट्रॅक्टर आले आणि 1966 साली वंशावळीत अवघ्या नऊ शिंगरांची नोंद झाली. तरीही जात नामशेष झाली नाही, कारण 1877 साली स्थापन झालेल्या संस्थेने वंशनोंद जपली होती. आमच्याकडेही ट्रॅक्टर आले, बैल घटले. पण गोठ्यात अशी नोंदवही किती जणांकडे आहे?

वळू पोसावा कोणी, असा प्रश्न येईल. दोन-तीन गावांनी मिळून एक पोसावा. त्यास हलके काम दिल्याने तो बिघडत नाही, उलट ताब्यात राहतो. स्वतःच्याच कालवडींवर तो जाऊ नये म्हणून दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या गावाशी बदलावा. कृत्रिम रेतन करविणाऱ्यांनी जातिवंत लाल कंधारीचेच रेत मागावे. विदेशी संकराच्या गोऱ्ह्यास वशिंड बेताचेच, त्यावर जू नीट बसत नाही. यंदाचे गोऱ्हे खच्ची करण्यापूर्वी गावातील चार जाणत्यांनी ते एकत्र पाहावेत व त्यांतला एक राखून ठेवावा.