मोहाचें मडकें आणि द्राक्षाचा प्याला

नाशिककडच्या द्राक्षांचा रस आंबवून पेल्यांत ओतला कीं ती ‘वाइन’ होते. तिच्यासाठीं २००१ सालीं सरकारनें स्वतंत्र धोरण आंखलें, आणि आमच्या पांढरपेशा मंडळींना ती सुसंस्कृतपणाची खूण वाटूं लागली. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर मोहाचीं फुलें आंबवून मडक्यांत उकळलीं कीं तो मात्र गुन्हा! पहिली केवळ आंबविलेली व दुसरी ऊर्ध्वपातनानें काढलेली, हा फरक आम्ही नाकारीत नाहीं. पण तोच फरक गोव्याच्या काजूच्या फेणीलाहि लागू आहे. तिला तर २००९ सालीं भौगोलिक मानांकनाचा मान मिळाला. मग मोहानेंच कोणाचें घोडें मारलें आहे?

हा भेद नीतींतून उपजलेला नाहीं, तिजोरींतून उपजलेला आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याच्या अमलांत दारू गाळण्याचा धंदा गांवोगांवच्या भट्ट्यांकडून मक्तेदारांच्या हातीं गेला. १८९२ च्या मोह कायद्यानें तर ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत नुसत्या फुलाच्या साठ्यावर व विक्रीवरहि बंधन घातलें. दारू वाईट म्हणून नव्हे, तर घरीं गाळलेल्या दारूवर कर बसत नाहीं म्हणून! स्वराज्य आलें, १९४९ चा दारूबंदी कायदा आला. पण फुलावरचे निर्बंध सैल व्हावयास २०२१ साल उजाडावें लागलें. आणि फूल मोकळें झालें तरी मडकें अद्याप बेड्यांतच आहे.

शहरांतल्या फार थोड्या वाचकांनीं हें फूल पाहिलें असेल. चैत्राच्या सुमारास रात्रीं उमलून पहाटेपर्यंत तें गळतें. मांसल, पिवळसर, साखरेनें ओथंबलेलें. बायकामुलें उजाडण्यापूर्वीं टोपल्या घेऊन निघतात. उन्हांत वाळविलें कीं तें पुष्कळ दिवस टिकतें. भाजून, शिजवून खातात, आणि कांहीं फुलें पाण्यांत भिजत घालतात. फसफसलेला काढा चुलीवर चढवायचा, तोंडावर थंड पाण्याचें भांडें बसवायचें, सांधे चिखलानें लिंपायचे. मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो, पाणी १०० वर. म्हणून वाफेंत मद्यार्क अधिक, आणि थंड बुडाला लागून तीच वाफ ठिबकते. आमच्या मुलांना रसायनशाळेंत शिकवितात तेंच हें!

‘विषारी दारूनें माणसें मरतात त्याचें काय?’ असें कोणी विचारील. २०१५ सालीं मुंबईच्या मालवणींत शंभरांवर माणसें मेलीं, खरें. पण तीं मारलीं कारखान्यांत बनणाऱ्या मिथेनॉलनें. चुलीवरच्या मोहाशीं त्याचा संबंध नव्हता. अधिक वजनदार आक्षेप दुसराच आहे. गडचिरोलींत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती तेथल्याच लोकांनीं, विशेषतः बायकांनीं, मागितली. नवरा पिऊन पडला कीं चूल कोणाची विझते, हें त्यांना आमच्यापेक्षां अधिक कळतें. मग तो निर्णय त्यांच्याच तोंडून निघूं द्या कीं! १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा त्यांचें नियमन करण्याचा अधिकार मानलेला आहे. ज्या गांवाला मोह नको, तें गांव आपलें मडकें फोडील. ज्याला हवा, त्याच्या घरच्या गरजेपुरत्या भट्टीवर अबकारी शिपाई कशाला? शेजारच्या मध्यप्रदेशानें व छत्तीसगडानें आदिवासींना अशी सूट दिली आहे. तेथें जें चालतें तें जव्हारांत कां चालूं नये, याचें कारण मंत्रालयानें एकदां जाहीर करावें.