दुसऱ्या ब्राउझरमधून करून बघा

हेल्पलाइनवरच्या माणसाला पगार कशाचा मिळतो ते मला आता कळलं आहे. "दुसऱ्या ब्राउझरमधून करून बघा" हे एक वाक्य दिवसभर म्हणायचा. त्याआधी "कॅशे क्लिअर केलीत का?" हे मंगलाचरण.

गिरगावात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका आणि गणपती मंडळांचे अहवाल हे मूळ काम. पण पत्रिका व्हॉट्सअॅपवर गेल्या आणि पोट आता लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरण्यावर चालतं. परवा लालबागहून बाप-लेक आले. मुलीच्या प्रवेशाच्या फॉर्मची शेवटची रात्र. साइट म्हणाली, तुमचा ब्राउझर जुना आहे, अद्ययावत करा. केला. मग तीच साइट म्हणाली, हा ब्राउझर समर्थित नाही. दुसऱ्यात उघडला तर फोटो अपलोड करायचं बटण मेलेलं. तिसऱ्यात फोटो चढला, पैसे कापले गेले आणि पावतीच्या जागी पांढरं पान. बापाने विचारलं, "दादा, आमचं काही चुकलं का हो?" माझं डोकं फिरतं ते इथे. चूक कंत्राटदाराची, आणि ओशाळतो फॉर्म भरणारा.

अशा वेळी कुणी मला क्रोम चांगला की एज चांगला असं विचारलं की हसू येतं. कसली तुलना करणार? क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सगळ्यांच्या पोटात क्रोमियमच. ऑपेराने आपलं इंजिन २०१३ मध्ये सोडलं, मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये. एकाच वाडीत चार दुकानांवर चार पाट्या लावाव्यात आणि मागचं गोदाम एकच असावं, तसला हा बाजार. खरोखर वेगळे उरले दोन. एक फायरफॉक्स, दुसरा अॅपलचा सफारी, आणि तो विंडोजवर चालत नाही. मी फायरफॉक्स वापरतो. तो वेगवान आहे म्हणून नव्हे, तर एखादी साइट त्यात बिघडली की ती बनवणाऱ्याचा आळस ताबडतोब दिसतो म्हणून. एकाच ब्राउझरवर तपासून बिल लावणाऱ्यांची ही जमात नवी नाही.

मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आणली आणि सातवी थेट ऑक्टोबर २००६ मध्ये. स्पर्धेतला नेटस्केप ब्राउझर मेला होता, घाई कुणाला होती? त्या सुस्त पाच वर्षांत आपल्या खात्यांनी आपापल्या साइटी बांधून घेतल्या आणि तळाला पाटी लावली, की हे संकेतस्थळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये, १०२४ बाय ७६८ वर उत्तम दिसते. डिजिटल सहीसाठी अॅक्टिव्हएक्स नाहीतर जावाचं अॅपलेट. पुढे क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जावाचा प्लगइन हद्दपार केला, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. दोघांनीही आधी पुरेसा अवधी देऊन सांगितलं होतं. आमच्याकडे मात्र सूचना आली ती अपडेट बंद ठेवण्याची! दुकानातलं एक मशीन मी फक्त सह्यांसाठी जुनाट ठेवलं होतं. ज्या मशीनवर लोकांच्या सह्या आणि पॅन नंबर, तेच सगळ्यात असुरक्षित. एक्स्प्लोरर १५ जून २०२२ ला अधिकृतपणे निवृत्त झाला. काही खात्यांना ती बातमी अजून टपालानेच जायची असावी.

पण सरकारला शिव्या देऊन मराठी माणसाची सुटका नाही. आमच्या धंद्याने केलेलं पाप याहून मोठं आहे. ज्या काळबादेवीत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरीचे खिळे पाडले, त्याच्याच शेजारी बसून आम्ही शिवाजी, किरण, योगेश, श्री-देव अशा फॉन्टांत मराठी कोंबलं. यातली चलाखी अशी, की संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असायचा, वर फक्त मराठी चेहरा चढवलेला. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांची उलटी दिसायची. त्यावर उपाय म्हणून पानासोबत फॉन्ट धाडायची सोय आली, तर नेटस्केपची पद्धत वेगळी आणि मायक्रोसॉफ्टची वेगळी. मराठी साइटींनी बहुधा एक्स्प्लोररची धरली. बाकीचे वाचक गेले उडत. पुढे नेटस्केपने सहाव्या आवृत्तीत स्वतःचीच पद्धत टाकून दिली.

युनिकोडमध्ये देवनागरी नव्हती म्हणून हे झालं, असं कुणी सांगू नये. ती १९९१ पासून आहे. विंडोजसोबत येणारा मंगल फॉन्ट तर र. कृ. जोशींनी घडवला, म्हणजे आपल्या मुंबईच्याच माणसाने. एक्सपीत मराठी चालू करायला मात्र मूळ सीडी घालावी लागे, आणि लॅमिंग्टन रोडच्या कृपेने ती मूळ सीडी दादर ते गिरगाव कुणाकडे होती हे मला विचारू नका. तरी मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला युनिकोडमध्ये सुरू झालाच. त्याचं तेव्हाचं पान आज कुठल्याही ब्राउझरमध्ये, कुठल्याही फोनवर वाचता येतं. त्याच वर्षीची वर्तमानपत्री पानं उघडून बघा. निघालीच, तर चिन्हांचा खच. त्यांचं रूपांतर करणारं पद्मा नावाचं एक गुणी एक्स्टेंशन फायरफॉक्ससाठी होतं. नोव्हेंबर २०१७ च्या सत्तावन्नाव्या आवृत्तीने जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेंशनं एका रात्रीत बाद केली. तो घाव मी फायरफॉक्सला अजून माफ केलेला नाही.

नोकियाच्या फोनवर मराठी वाचलेल्यांना ऑपेरा मिनीतली युक्ती आठवत असेल. पत्त्याच्या जागी ऑपेरा कॉन्फिग असं टाकायचं आणि तळाची एक ओळ 'येस' करायची. मग अक्षरांची चित्रं होऊन यायची, दातेरी पण जोडाक्षरांसकट शुद्ध. लोकलच्या दारात लटकून परळपर्यंत बातम्या वाचणारी पोरं हे एकमेकांना शिकवत. कुठल्या कंपनीने मराठी वाचकाचे याहून जास्त लाड केल्याचं मला माहीत नाही.

आज तर ब्राउझरला मराठी वळण कळतंसुद्धा. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितला. नोटोसारख्या फॉन्टात ही रूपं तयार आहेत. पान मराठी आहे एवढं साइटने सांगितलं की ब्राउझर ती निवडतो. त्यासाठी पानाच्या डोक्यावर भाषेची खूण लागते, दोन अक्षरांची. कितीतरी मराठी साइटी तिथे इंग्रजी लिहून मोकळ्या होतात. अस्मितेची भाषणं मात्र त्याच पानावर, हिंदी वळणाच्या ल-श मध्ये.

अपडेटच नको म्हणणाऱ्यांचा मी वकील नाही. तेही तितकेच वैतागवाणे. जुना ब्राउझर जपून ठेवला म्हणून तो चालत राहत नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला साइटींची ओळख पटवणाऱ्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि जुन्या मशीनवर कालपर्यंत उघडणारी पानं धोक्याची पाटी दाखवू लागली. विंडोज ७ ला क्रोम १०९ नंतर काही मिळालं नाही. फेब्रुवारी २०२३ पासून तो रस्ता बंद. सोसायटीच्या ऑफिसात, मंडळाच्या खोलीत तीच मशीनं अजून घरघरतात आणि सेक्रेटरी म्हणतात, "चालतंय की!" चालत नाही काका, लंगडतंय.

माझं भांडण वेगळं आहे. क्रोम हल्ली दर काही आठवड्यांनी नवा होतो, फायरफॉक्सही. भोक बुजवायची दुरुस्ती हवीच. पण तिच्याबरोबर टॅबांचे कोपरे गोल करणे, बुकमार्क हलवणे आणि मी न मागितलेला मदतनीस उजवीकडे बसवणे हेही का गिळायचं? आणि नव्या आवृत्तीने खरोखर काही मोडलंच, तर बहुतेक वेळा ते मुळातच वाकडं बांधलेलं असतं. मार्च २०२२ मध्ये क्रोमची शंभरावी आवृत्ती यायची होती तेव्हा भीती ही, की दोनच आकडे वाचणाऱ्या साइटी शंभराला दहा समजतील आणि अपडेट करा म्हणून ओरडतील. आधीच्या वर्षी, ७ जून २०२१ ला, प्राप्तिकराचं नवं पोर्टल उघडलं आणि दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्र्यांना कंत्राटदार कंपनीला जाहीरपणे टोकावं लागलं. मंत्र्यांना निदान ट्विटर होतं. लालबागच्या त्या बापाला मी होतो.

टेंडरमध्ये एकच कलम घाला. साइट स्वीकारल्याची सही करणाऱ्या अधिकाऱ्याने तीच साइट शेवटच्या तारखेच्या रात्री, माझ्या दुकानातल्या बाकावर, सहा वर्षं जुन्या फोनवर, मराठीत नाव टाकून भरायची. पैसे स्वतःच्या खात्यातून. आणि अडला, तर हेल्पलाइनचा नंबर मी फिरवून देईन.