आगमनकाळांतील विसावा

देवालयांत जांभळीं वस्त्रें दिसूं लागलीं कीं आपल्या घरोघरीं लगबग सुरू होते: भिंतींस रंग, नवे कपडे, करंज्यांचें पुरण. नाताळच्या मध्यरात्रीं मिस्साबलिदानाच्या वेळीं माउलीस डुलक्या येतात. दोष तिचा नव्हे, आपणां सर्वांचा!

विसावा म्हणजे आळस, असें कित्येक समजतात. मला तें मान्य नाहीं. येशूसंघाचे जर्मन धर्मगुरु आल्फ्रेड डेल्प ह्यांनीं १९४४ चा आगमनकाळ बर्लिनच्या टेगेल तुरुंगांत काढिला. हातांत बेड्या, तरीही त्यांनीं ह्या काळावर चिंतनें लिहिलीं व तीं गुप्तपणें बाहेर पोंचलीं. ८ डिसेंबरला तेथेंच त्यांनीं आपलीं अंतिम व्रतें घेतलीं. २ फेब्रुवारी १९४५ रोजीं त्यांस फांसावर चढविण्यांत आलें. सजविण्यास घर नाहीं, तळण्यास करंज्या नाहींत. प्रभूची वाट पाहणें तेवढें उरलें होतें, आणि त्यांतच त्यांस बळ लाभलें.

आपले हात तर मोकळे आहेत. मग रोज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं घरच्या सर्वांनीं क्षणभर प्रभूपुढें निवांत बसावें, एवढेंही कां जमूं नये? करंज्या चार कमी झाल्या म्हणून बाळ येशू रुसणार नाहीं. आणि मुलांनो, रात्रीचीं भांडीं तुम्हीं घासलींत, तर माउलीलाही त्या बैठकीस येतां येईल.