साखर सोडली, पण उचलीचं काय?

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार सोडून चाळीस दिवसांचा उपासकाळ. कुणी मटण सोडतं, कुणी चहातली साखर. चांगलंच आहे. पण धारूरमध्ये बसून साखर सोडताना हे विसरता येत नाही, की याच दिवसांत आपल्या तालुक्यातल्या कितीतरी जोड्या कारखान्यांच्या फडात कोयता चालवत असतात.

यशयाच्या ५८व्या अध्यायात देव सांगतो, मला आवडणारा उपास म्हणजे जोखड मोडणं. आपल्याकडं त्या जोखडाला 'उचल' म्हणतात. आजारी पडलं की खाडा, खाड्याला दंड. खाडा पडू नये म्हणूनही कित्येकींनी पिशवी काढून घेतली. २०१९ मध्ये शासनाच्या समितीनं बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं.

याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरीच ओरडते, आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं. आपल्या कानी कधी जाणार?

साखर सोडाच. पण सोबत मंडळीनं एक काम धरावं. फडावरून परतलेल्या प्रत्येक जोडीशेजारी बसून उचल, टन आणि खाडे यांचा हिशोब कागदावर लिहून द्यावा. जात-धर्म न विचारता.